उरलेल्या वेळात काहीच होत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पानावर एक पत्र आलं होतं, लिहिणाऱ्याचं नाव घेत नाही, पण मुद्दा असा होता की आजकाल लोक मित्राला फोन करायलासुद्धा मोबाईलमध्ये रिमाइंडर लावतात, आईवडिलांशी बोलायला कॅलेंडरमध्ये स्लॉट टाकतात, म्हणजे माणसं मशीन झाली, प्रेम कसं आतून यायला हवं वगैरे वगैरे. पत्र छान होतं, भाषा तर फारच छान, पण मला अजिबात पटलं नाही, आणि का नाही पटलं तेच सांगायला बसलेय. जरा लांबलंय, कापायचं तिथे कापा.

आतून यायला हवं हे ऐकायला बरं वाटतं, पण आतून येतं ते नेमकं भलत्या वेळी येतं हो. आंघोळ करताना आठवतं की अरे हिला फोन करायचा राहिलाच, गाडी चालवताना आठवतं, रात्री साडेअकराला आठवतं तेव्हा समोरचा माणूस झोपलेला असतो, आणि मीटिंगमध्ये कुणीतरी स्लाइड वाचून दाखवत असतं तेव्हा तर हमखास आठवतं. मग आपण म्हणतो उद्या निवांत करू. तो निवांतपणा काही येत नाही, कारण जरा रिकामं झालं की हात मोबाईलकडे जातो आणि तो फोन करायला नाही, स्क्रोल करायला. असे काही महिने गेले की मग इतक्या दिवसांनी कुठल्या तोंडाने करायचा ही लाज सुरू होते, आणि एकदा लाज वाटायला लागली की अजून काही महिने सहज जातात. यात प्रेम कुठेच कमी झालेलं नसतं. ते जागच्या जागी असतं, फोन तेवढा होत नाही.

हे मी मनाचं सांगत नाहीये. कॅनडातल्या लारा अक्निन आणि ब्रिटनमधल्या जिलियन सँडस्ट्रॉम या दोघी मानसशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये याच विषयावर एक अभ्यास छापला. त्यांनी लोकांना संपर्क तुटलेला असा एक जुना मित्र आठवायला सांगितला, म्हणजे ज्याच्याशी परत बोलायला आपल्याला आवडेल, त्यालाही आवडेल असं वाटतं आणि ज्याचा नंबर किंवा पत्ता आपल्याकडे आहे. मग तिथेच बसून मेसेज लिहायला वेळ दिला आणि पाठवायलाही वेळ दिला. तरी पाठवणारे निघाले एक तृतीयांशापेक्षा कमी! म्हणजे इच्छा होती, नंबर होता, वेळ तर हातात काढून दिलेला होता, तरी बोट सेंडवर जाईना. त्याच अभ्यासात असंही दिसलं की जुन्या मित्राला मेसेज करायची लोकांची तयारी ही अनोळखी माणसाशी बोलायच्या किंवा कचरा उचलायच्या तयारीपेक्षा जास्त नव्हती. हे वाचून मी तर हसतच सुटले, पण खरंय ते.

पुढचा भाग जास्त कामाचा आहे. त्यांनी काही लोकांना आधी तीनेक मिनिटं नेहमीच्या, सध्याच्या मित्रांना मेसेज करायला लावले आणि बाकीच्यांना तेवढाच वेळ सोशल मीडिया बघत बसू दिलं. नंतर जुन्या मित्राला मेसेज पाठवायची वेळ आली तेव्हा आधी हात चालवलेल्यांपैकी ५३ टक्के लोकांनी पाठवला आणि स्क्रोल करत बसलेल्यांपैकी ३१ टक्क्यांनी. त्यांच्या प्रेमात तीन मिनिटांत काय फरक पडणार, फरक पडला तो हात चालू होता की नाही याने. माझं म्हणणं एवढंच आहे की रिमाइंडर हा हात चालू ठेवायचा उपाय आहे. प्रेम वगैरे ज्याचं त्याने आपलं आणायचं.

आता वस्तूंचं बघा, कारण माणसं जपणं आणि वस्तू जपणं हे माझ्या डोक्यात एकच विषय आहेत, दोन्ही देखभालच. घरातला रिमोट, भिंतीवरचं घड्याळ, ड्रॉवरमध्ये पडलेला टॉर्च, यातले सेल शेवटचे कधी बघितले होते हे कुणालाच सांगता येत नाही. अल्कलाइन सेल संपत आला की आत गॅस धरतो, सील फुटतं आणि आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे दाहक रसायन बाहेर येतं, हवेशी संबंध येऊन त्याची पांढरी भुकटी होते आणि ती स्प्रिंगवर चढून बसते. टॉर्च लागत नाही म्हणून आपण झाकण काढतो तर तिथे पांढरी हिरवट बुरशी आल्यागत दिसतं, आणि मग टॉर्चच फेकून देतो. बऱ्याचदा तो बिघडलेला नसतोच. हातमोजे घालून, कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ती भुकटी पुसली (जरा फसफसतं, घाबरायचं नाही, फक्त डोळ्यांपासून लांब ठेवायचं), मग नुसत्या पाण्याच्या ओल्या काडीने पुसून पूर्ण वाळू दिलं आणि स्प्रिंग खाल्ली गेलेली नसेल तर टॉर्च परत लागतो. त्याहून सोपं म्हणजे जी वस्तू महिनोन्महिने वापरणार नाही तिच्यातले सेल आधीच काढून ठेवायचे. मिनिटभराचं काम, पण ते कधी करायचं हे कुठे लिहिलेलंच नसतं म्हणून होत नाही.

आपण समजतो वस्तू वापरली की झिजते आणि ठेवून दिली की टिकते. अर्धंच खरं आहे ते. ज्या बुटांचे तळ पॉलियुरेथेन नावाच्या हलक्या प्लास्टिकचे असतात ते खास प्रसंगासाठी म्हणून डब्यात नीट कागदात गुंडाळून ठेवले तरी हवेतल्या ओलाव्याने आतून विरघळत जातात, वरून नवेकोरे दिसतात आणि घालून चार पावलं टाकली की तळाचे तुकडे पडतात. लॅपटॉप किंवा कॅमेऱ्याची लिथियम बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून गरम जागी ठेवून दिली तर तशीच म्हातारी होते, ठेवायचीच असेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज करून थंड जागी ठेवायची आणि मधूनमधून बघायची. गाडी नुसती उभी राहिली तरी टायरची हवा कमी होते. म्हणजे काही न करणं हासुद्धा एक वापरच झाला, त्यालाही झीज आहे.

शिलाई मशीन ज्यांच्या घरी आहे त्यांना माझं म्हणणं लगेच कळेल. सुईखालची पट्टी दोन स्क्रू काढून उचलली की खाली कापड पुढे सरकवणारे दाते असतात, त्यांच्या फटींमध्ये आणि बॉबिनच्या खोबणीत कापडाचे बारीक तंतू साठतात, तेलात भिजतात आणि दाबून दाबून घट्ट थर होतो. मशीन चालतच राहतं म्हणून कुणी उघडून बघत नाही. मग टाके सुटायला लागतात, दोरा खाली गुंततो, आवाज जड होतो आणि आपण म्हणतो मशीन जुनं झालं आता. ब्रशने तो थर काढायचा (तोंडाने फुंकर मारायची नाही, श्वासातला ओलावा आत जातो), पुस्तकात दाखवलेल्या जागी तेलाचा एकेक थेंब सोडायचा, जुन्या चिंधीवर थोडं शिवून जादाचं तेल उतरवायचं, की आवाज लगेच बदलतो, ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. सुई बदलायला तर मिनिटसुद्धा लागत नाही, पण लोक सुई मोडेपर्यंत तीच वापरतात.

आता मला सांगा, मशीनमध्ये तेल घालायला कुणी आतून इच्छा व्हायची वाट बघतं का? कारखान्यात ब्रेकडाऊन मेंटेनन्स (बंद पडल्यावर दुरुस्ती) आणि प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स (बंद पडू नये म्हणून आधीच देखभाल) असे दोन वेगळे शब्दच आहेत, मशीनला कार्ड लटकवलेलं असतं, शेवटचं ग्रीसिंग कधी झालं आणि पुढचं कधी, आणि ज्याची सही त्याची जबाबदारी. तिथे कुणी म्हणत नाही की तारीख लावली म्हणून काम मनापासून झालं नाही. घरी मात्र आपण सगळंच ब्रेकडाऊनवर चालवतो, वस्तूही आणि माणसंही, हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाले की सगळे धावत जातात, त्याच्या आधीच्या अख्ख्या वर्षात कुणी फिरकलेलं नसतं.

याचं कारण आळस नाही असं मला वाटतं, निदान फक्त आळस नाही. देखभाल नीट झाली की काय होतं, तर काहीच होत नाही. पंखा पडत नाही, नळ गळत नाही, मैत्री तुटत नाही. जे झालंच नाही त्याबद्दल कोण कुणाची पाठ थोपटणार. नवीन वस्तू आणली की ती चार लोकांना दाखवता येते, फोटो टाकता येतो, पण फ्रिजच्या दाराचं रबर पुसलं याचा फोटो कोण टाकणार (टाकलाच तर मी लाईक करेन, ते वेगळं). त्यात डेडलाइन नसते, बॉस विचारत नाही, उशीर झाला तर दंड नाही. ज्या कामाला डेडलाइन नाही ते डेडलाइनवाल्या कामासमोर कायम हरतं, आणि उरलेल्या वेळात करू म्हणून जे जे बाजूला ठेवलं जातं ते तिथेच राहतं. म्हणून तारीख लावायची. खोटी का होईना, डेडलाइन तयार करायची.

वेळच नाही हे उत्तर मला माहीत आहे आणि ते पूर्ण खोटंही नाही. दोन दोन शिफ्ट करणाऱ्या माणसाला मी शिलाई मशीन उघड म्हणून सांगणार नाही. पण बाकीच्यांनी न केलेल्या देखभालीचा वेळ एकदा मोजून बघावा. वस्तू बंद पडली की आधी दोन दिवस आपलं आपणच ठोकून बघणं, मग माणूस शोधणं, तो येतो म्हणालेल्या दिवशी घरी थांबणं, तो न येणं, परत थांबणं, शेवटी नवीन घ्यायची ठरवून रात्र रात्र रिव्ह्यू वाचणं, आणल्यावर खोके कापणं, ॲप टाकणं, पासवर्ड तयार करणं, जुनं कुठे टाकायचं यावर घरात वाद आणि तोपर्यंत ते बाल्कनीत. हा सगळा वेळ आपल्याकडून जातोच, फक्त तो आपण निवडलेला नसतो. आणि जुन्याचं पुढे काय होतं तेही बघा, २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे फक्त २२.३ टक्क्यांची. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या २०२४ च्या अहवालातले आकडे आहेत हे.

सायकलवाल्यांना हा हिशोब बरोबर समजतो. चेन वापरून वापरून लांबते, चेन मोजायच्या गेजवर अर्धा पाऊण टक्का लांबलेली दिसली की बदलायची, तेवढी एकच वस्तू बदलून भागतं. तशीच रेटली तर ती चेन चक्रांचे दाते खाते, मग नवीन चेन टाकून उपयोग नाही कारण ती जुन्या दात्यांवर घसरते, सगळा सेट बदलायचा. माणसांत हे जसंच्या तसं लागू होतं असं मी म्हणणार नाही, पण एका न केलेल्या फोनपायी पुढे तिघांचे संबंध बिघडलेले मी पाहिलेत, आणि ज्यांनी वाचकांच्या पानावर ते पत्र लिहिलं त्यांनीही पाहिले असणार.

आता फोनचंच बोलू. ज्यांच्याशी वर्षातून एकदा बोलणं होतं त्यांच्याशी काय बोलतो आपण? कसे आहात, मजेत, मुलं काय करतात, तब्येत, बाकी काय विशेष, काही नाही तुमचं सांगा. संपलं. दोघांनाही प्रेम असतं पण बोलायला काहीच नसतं, कारण मधल्या काळातलं काय सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची हेच कळत नाही, मग फक्त ठळक बातम्या दिल्या घेतल्या जातात. माझ्या एका मावशीशी माझं ठरलेल्या वारी बोलणं होतं, त्यात निम्म्या वेळा काहीही विशेष नसतं, शेजारच्यांनी गॅलरीत काय ठेवलं आणि डोळ्याचे थेंब बदलून दिले तर जळजळ होते इथपर्यंत. पण खरी गोष्ट फोन ठेवता ठेवता निघते. "बरं ठेवते" म्हणून झाल्यावर मग "अगं एक सांगायचं राहिलं" असं येतं आणि ते राहिलेलं तेच असतं ज्याच्यासाठी फोन होता. ही वेळ यायला आधीची ती थेंबांची आणि गॅलरीची बडबड लागते, आणि त्या बडबडीतले संदर्भ लक्षात राहायला मागचा फोन फार जुना असून चालत नाही. जो क्वचित फोन करतो त्याला "सगळं ठीक" एवढंच ऐकायला मिळतं. मावशी खोटं बोलत नाही, सगळं पहिल्यापासून सांगायचा तिला कंटाळा येतो.

आणि हो, मी रिमाइंडर लावते. नुसतं "मावशीला फोन" असं लिहीत नाही, मागच्या वेळी काय बोलणं झालं ते दोन शब्दांत खाली टाकते, थेंब बदलले का, भाडेकरूचं काय झालं. माझ्या नवऱ्याला हे विनोदी वाटतं. मावशीला माहीत आहे, तिने एकदा विचारलं होतं तुझ्या इतकं लक्षात कसं राहतं, मी सांगून टाकलं. ती म्हणाली बरं झालं, नाहीतर मला वाटलं होतं तुला काही कामधंदाच नाही. तिला त्यात काही खटकलं नाही.

संशोधनातही नाती टिकवण्याच्या या कामाला मेंटेनन्स असंच म्हणतात, मी काही वस्तूंवरून उचलून माणसांना चिकटवलेलं नाही. लॉरा स्टॅफर्ड आणि डॅनियल कॅनरी यांनी १९९१ मध्ये जोडपी नातं कसं टिकवून ठेवतात याचा अभ्यास केला आणि पाच प्रकारच्या गोष्टी काढल्या, हसतखेळत राहणं, मोकळं बोलणं, मी आहे ना असं सांगत राहणं, एकमेकांच्या मित्र नातेवाइकांत मिसळणं, आणि पाचवी म्हणजे कामं वाटून घेणं. ही पाचवी मला फार आवडते. भांडी घासणं, बिलं भरणं, गळका नळ बघणं, ही घराची देखभाल झाली आणि त्याच वेळी माणसाचीही झाली, वेगळा वेळ काढायलाच नको.

पण इथेच गोम आहे. बहुतेक घरांत ही दोन्ही खाती एकाच माणसाच्या नावावर असतात. फिल्टर कधी बदलला, विम्याचा हप्ता कधी, आणि त्याच डोक्यात कुणाचा वाढदिवस, कुणाचं ऑपरेशन, कुणाला भेटायला जायचं राहिलंय. बाकीचे म्हणतात आमच्या घरी सगळं आपोआप चालतं. आपोआप काही चालत नाही महाराज. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे घरकाम आणि सांभाळ करण्याच्या बिनपगारी कामाचे जगातले तीन चतुर्थांशाहून जास्त तास बायका भरतात, दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं, पुरुष १ तास २३ मिनिटं. त्यात नणंदेला लक्षात ठेवून मेसेज करण्याची मिनिटं कुणी धरली असतील असं मला वाटत नाही. तेव्हा ज्यांना नाती आतून आणि सहज जपली जावीत असं वाटतं त्यांनी एकदा घरात बघावं की ती सहज कोण जपतंय. रिमाइंडर हा त्यावरही उपाय आहे, कारण जे एका बाईच्या डोक्यात आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर आलं की दुसऱ्या कुणालाही करता येतं. मुलाने स्वतःच्या आत्याला फोन करायला आईने आठवण का करून द्यावी?

सगळंच जपायचं असं मात्र मी म्हणत नाहीये, ते शक्यच नाही, आणि मला वाटतं लोक याच भीतीने काहीच सुरू करत नाहीत. इंजिनियर लोकही काही वस्तू ठरवून बंद पडेपर्यंत चालवतात, बल्बची कोण सर्व्हिसिंग करतं, गेला की बदलला. पण ते ठरवून, दुर्लक्ष म्हणून नाही. घरातल्या ज्या वस्तूला वर्षभरात एकदाही पुसायची इच्छा झाली नाही ती मुळात हवी आहे का हे विचारावं आणि देऊन टाकावी, कारण प्रत्येक घेतलेली वस्तू पुढे आपला वेळ मागत बसते, आजकाल तर अपडेट आणि चार्जिंगही मागते. माणसांचंही तेच आहे, वाईट वाटून घेऊ नका. रॉबिन डनबार म्हणून ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा अंदाज असा की माणसाला अर्थपूर्ण नाती साधारण दीडशेच सांभाळता येतात, आणि त्यातही थर असतात, अगदी जवळचे पाच, मग पंधरा, मग पन्नास. आकडे इकडे तिकडे धरा, त्यावर वादही आहेत, पण पाचाच्या जागी पन्नास बसवायला गेलं की पाचांनाही वेळ मिळत नाही हे कुणालाही पटेल. पन्नास लोकांच्या ग्रुपवर केकचा इमोजी टाकणं ही देखभाल नव्हे, ती हजेरी. हजेरीला माझी हरकत नाही, पण हजेरी लावून पाचातल्या माणसाला फोन केल्यासारखं वाटायला लागतं तिथे घोळ होतो.

आणि ज्याला त्या पाचात आणायचं त्याच्यावर आधी किती वेळ गेलेला असतो तेही बघा. जेफ्री हॉल या अमेरिकन प्राध्यापकांनी २०१८ मध्ये मोजायचा प्रयत्न केला, ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण पन्नास तास आणि घट्ट मैत्री व्हायला दोनशेहून जास्त तास सोबत घालवावे लागतात असं त्यांना दिसलं. एवढे तास घालून कमावलेली मैत्री पंधरा मिनिटांच्या फोनअभावी जाऊ द्यायची याला मी तरी उधळपट्टी म्हणेन. माणसं आयुष्यभर कशी जगतात हे बघणारा अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा प्रसिद्ध अभ्यास आहे, १९३८ पासून ७२४ माणसांच्या मागे लागलेला आणि अजून चालू असलेला, त्यातही पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती तीच माणसं ऐंशीत जास्त तब्येतीने राहिलेली दिसली, कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा यावरून पुढचा अंदाज चांगला बांधता आला म्हणतात. आपण कोलेस्टेरॉलची तारीख मात्र कॅलेंडरमध्ये टाकतो, लॅबवाला मेसेजही करतो.

त्या पत्रातलं एक म्हणणं मी मान्य करते. वस्तूची देखभाल ठरलेल्या पायऱ्यांनी होते, माणसाची होत नाही. मशीनला तेल घालताना आपलं लक्ष दुसरीकडे असलं तरी तेल आत जातं, माणसाशी बोलताना लक्ष दुसरीकडे असलं की त्याला तिसऱ्या वाक्याला कळतं. शिवाय वस्तू झिजली तरी वस्तू तीच राहते, माणूस मधल्या काळात बदलतो, ज्या चुलत भावाला आपण अजून क्रिकेटवरून चिडवतो त्याने क्रिकेट बघणं कधीच सोडलेलं असतं. भांडण झालेलं असेल तर तिथे रिमाइंडर काय कामाचा, तिथे आधी माझं चुकलं म्हणायची तयारी लागते आणि ती कुठल्याच ॲपमध्ये मिळत नाही. रिमाइंडर आपल्याला फोनपर्यंत आणून सोडतो, पुढचं आपलं आपण. पण फोनपर्यंत न पोचलेल्या लोकांना पुढच्याचं कौतुक काय करायचंय.

दुरुस्तीच्या बाजूने आता कायदेही होतायत. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर ती दुरुस्त करायला किती सोपी आहे याचे दहापैकी मार्क दाखवावे लागतात, युरोपियन युनियनने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा नियम केला. चांगलंच आहे, स्पेअर पार्ट मिळेल, पण स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायला वेळ कायदा देत नाही. त्यापेक्षा मला मार्टीन पोस्टमा या डच पत्रकार बाईंची कल्पना आवडते, त्यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला पहिला रिपेअर कॅफे भरवला. बंद पडलेला टोस्टर, उसवलेली पँट, मुकं झालेलं खेळणं घेऊन लोक येतात, ज्यांना दुरुस्ती येते ते फुकट मदत करतात, पण वस्तू टाकून निघून जायचं नाही, शेजारी बसायचं, धरायला सांगितलं तर धरायचं आणि शिकायचं. आता असे कॅफे जगभर हजारोंनी आहेत. तारीख ठरलेली असते म्हणूनच लोक येतात, "कधीतरी या" म्हटलं असतं तर कुणी आलं नसतं. आणि दुरुस्त न झालेली वस्तू घेऊन परत जाणाराही दोन तास कुणाशी तरी बोललेला असतो. शेजाऱ्यांनी मिळून असं सहज करता येईल, एक टेबल, एक एक्स्टेन्शन बोर्ड, चांगला उजेड आणि एखादे रिटायर्ड इलेक्ट्रिशियन काका, जे तसेही कुणीतरी विचारायची वाट बघत असतात.

शेवटी एक विनंती, जी खरं तर पहिल्यांदाच करायला हवी होती. तुमच्या पुरवणीत नवीन फोन, नवीन गाडी, नवीन टीव्ही यांना दर आठवड्याला भरपूर जागा असते. त्यातला एक कोपरा आहे त्या वस्तूंना द्या. या आठवड्यात काय तपासायचं, एवढंच. एकदा फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावायचं आणि ओढून बघायचं, सहज निघून आला तर रबर सैल झालंय. एकदा टायरची हवा, तीसुद्धा गाडी थंड असताना. एकदा फोटोंचा बॅकअप, दुसऱ्या डिस्कवर आणि एक प्रत घराबाहेर. आणि त्याच चौकटीत खाली एक ओळ, या आठवड्यात कुणाला फोन करायचा ते, म्हणजे नाव नाही, "शाळेतलं कुणीतरी" किंवा "जुन्या ऑफिसातलं कुणीतरी" एवढंच. रिमाइंडर लावायची ज्यांना लाज वाटते त्यांना पेपरात आलं होतं म्हणून फोन केला असं सांगता येईल, निमित्त आयतंच मिळेल. मजकूर मी लिहून द्यायला तयार आहे, शब्दमर्यादा पाळेन असं मात्र या पत्रानंतर कुठल्या तोंडाने सांगू.

आपली,
एक नियमित वाचक